सुट्या भागांची वर्दी



आजच्या बोलण्याची सुरुवात एका आईच्या प्रश्नापासून करतो. गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली असतील. लहान मुलांच्या रक्तविकारांची ओपीडी तेव्हा मी पाहत असे. एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला दर महिन्याला रक्त चढवायला घेऊन येत. त्या मुलाला डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया नावाचा दुर्मीळ आजार होता. आपलं रक्त हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत तयार होतं. या आजारात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बहुधा ठीक तयार होतात, पण तांबड्या पेशींचं उत्पादनच अडलेलं असतं. मूल पांढरंफटक दिसतं, दमतं, वाढ खुंटते. कुणाला स्टिरॉइडनं गुण येतो, कुणाला आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागतं.

त्या बाईंजवळ शाळेतल्या मुलांची असते तशी एक शंभर पानी वही होती. तीत रक्त कधी चढवलं, आधी हिमोग्लोबिन किती होतं, नंतर किती झालं, सगळं तारीखवार लिहिलेलं. आमच्या केसपेपरपेक्षा ती वही जास्त भरवशाची होती, हे मी कबूल करतो. एके दिवशी मी त्यांना सांगितलं, की मुलाला दर सहा महिन्यांनी नीट तपासून घेत चला, कारण मोठेपणी अशा मुलांना रक्ताचा किंवा दुसऱ्या एखाद्या अवयवाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, कॅन्सरात पेशी नको तितक्या वाढतात असं तुम्हीच म्हणता ना? माझ्या पोराच्या तर वाढतच नाहीत. मग त्याला कॅन्सर कसा होईल?"

मला उत्तर देता आलं नाही. "तसं आढळून आलंय," एवढंच मी म्हणालो. डॉक्टर असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा "कारण आम्हाला माहीत नाही" असाच असतो. मधल्या काळात या प्रश्नाचं उत्तर पुष्कळसं सापडलं आहे. ते इतकं अनपेक्षित ठिकाणी सापडलं, की आज ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

त्यासाठी आधी पेशीतल्या एका कारखान्यात जावं लागेल. स्नायू, केस, रक्तातलं हिमोग्लोबिन, अन्न पचवणारे रस, ही सगळी प्रथिनांची करामत. आणि ही प्रथिनं पेशीत ज्या यंत्रावर घडतात त्याचं नाव रायबोसोम. यंत्र म्हटलं तरी ते इतकं बारीक, की एका मिलिमीटरच्या लांबीत ३० हजारांहून अधिक रायबोसोम ओळीनं मावतील. १९५५ साली जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत विखुरलेले हे ठिपके पाहून त्यांचं वर्णन केलं. त्यांची आतली रचना अणू-अणूपर्यंत उलगडायला पुढची ४५ वर्षं लागली. त्या कामासाठी २००९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं. त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले. बडोदं म्हटलं की आपल्याला जरा जवळचं वाटतं, म्हणून जाता जाता सांगितलं.

रायबोसोमचं काम गजरा ओवण्यासारखं आहे. जनुकाकडून आलेला निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए, वाचायचा आणि त्यात लिहिलेल्या क्रमानं अमिनो आम्लं एकामागून एक ओवत जायची. आपल्या पेशीत हे काम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं या वेगानं चालतं. जोमानं वाढणाऱ्या एका पेशीत असे काही लाख, कधी तर एक कोटीपर्यंत रायबोसोम असतात.

मला मात्र आज या यंत्राच्या कामापेक्षा त्याच्या जुळणीबद्दल बोलायचं आहे. रायबोसोमचे दोन तुकडे असतात, एक मोठा आणि एक लहान. दोन्हींत मिळून आरएनएच्या चार साखळ्या आणि जवळजवळ ८० निरनिराळी प्रथिनं. ही जुळणी पेशीच्या केंद्रकात, तिथल्या केंद्रिका नावाच्या गडद ठिपक्यात सुरू होते. आरएनए तिथेच तयार होतं, पण प्रथिनं तयार होतात केंद्रकाच्या बाहेर, जुन्या रायबोसोमवर. म्हणजे नव्या यंत्राचे सुटे भाग जुनीच यंत्रं घडवतात. हे भाग आत जातात, केंद्रिकेत जोडले जातात आणि तयार झालेले दोन तुकडे वेगवेगळे बाहेर पडतात. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या हेला नावाच्या मानवी पेशींमध्ये मिनिटाला सुमारे ७,५०० असे तुकडे बाहेर पडतात, असा हिशेब मांडला गेला आहे. एका पेशीत, एका मिनिटात!

माझ्या लहानपणी पुण्यात सायकलच्या दुकानात नव्या सायकली सुट्या भागांत यायच्या. फ्रेम वेगळी, चाकं वेगळी, पॅडल, घंटा, मडगार्ड सगळं वेगळं. दुकानातला फिटर बसून जोडायचा. एखाद्या खेपेला फ्रेमच कमी आल्या की दुकानाच्या कोपऱ्यात पॅडलचा नि घंटांचा ढीग साचायचा. मालकाला चौकशी करावी लागत नसे. उंबऱ्यातूनच त्याला कळायचं, की कुठेतरी गाडी अडलीय. हा ढीग लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम पडणार आहे.

आता कर्करोगाकडे वळू. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला विचारा, की कर्करोगाची पेशी कशावरून ओळखता? ज्या चार-पाच खुणा तो सांगेल त्यांत एक हमखास असेल : केंद्रिका मोठी, ठळक, वेडीवाकडी, कधी एकाऐवजी तीन-चार. इटलीतल्या जुझेप्पे पियानेसे यांनी ही गोष्ट १८९६ सालीच नोंदवली होती. पण केंद्रिकेत रायबोसोम घडतात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतर कळलं तेव्हाही लोकांनी खांदे उडवले. कर्करोगाच्या पेशीला भराभर वाढायचं असतं, तिला प्रथिनं जास्त लागतात, म्हणून तिचा कारखाना मोठा, त्यात नवल काय? कारखाना हा वाढीचा परिणाम, कारण नव्हे.

या समजाला पहिला धक्का १९९० मध्ये बसला. कॅनडात माँट्रियल इथे नाहुम सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत एक साधासा प्रयोग झाला. रायबोसोमकडे निरोप पोचवणारं एक प्रथिन आहे, ते उंदराच्या साध्या पेशींमध्ये जरुरीपेक्षा जास्त तयार होईल अशी व्यवस्था केली. बाकी काही नाही. त्या पेशी कर्करोगी पेशींसारख्या वागू लागल्या आणि उंदरांत सोडल्यावर त्यांच्या गाठी झाल्या. पुढे २००८ मध्ये उलट बाजूचा पुरावा आला. मिक नावाचं एक जनुक बेफाम झालं की पेशी रायबोसोमचा सपाटा लावते आणि उंदरांना लसीका ग्रंथींचा कर्करोग होतो. अशा उंदरांतच रायबोसोमच्या एका प्रथिनाचं एक जनुक पांगळं केलं, तेव्हा प्रथिनांचं उत्पादन उतरून नेहमीच्या पातळीवर आलं आणि कर्करोग लांबला. मिक तसंच बेफाम होतं, फक्त कारखाना तिच्या हुकमाला पुरा पडत नव्हता.

म्हणजे कारखाना वाढला की कर्करोगाला बळ मिळतं. इथवर सरळ आहे, आणि त्या आईचा तर्कही याच रस्त्यानं चालला होता. तिच्या मुलाचा आजार, १९९९ मध्ये कळलं त्याप्रमाणे, रायबोसोमच्याच एका प्रथिनाच्या जनुकातल्या दोषामुळे होतो. आता अशी वीसहून अधिक जनुकं माहीत आहेत. म्हणजे या मुलांचा कारखाना जन्मतःच अर्धपोटी. मग त्यांना कर्करोगापासून संरक्षण मिळायला हवं. मिळत नाही. उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदवहीवरून २०१२ मध्ये काढलेला हिशेब सांगतो, की त्यांचा धोका इतरांच्या पाचपट आहे. रक्ताचा कर्करोग, हाडाचा, मोठ्या आतड्याचा, आणि तोही तरुण वयात.

हे कोडं सुटायला आणखी एका पात्राची ओळख हवी. त्याचं नाव पी-५३. हे एक प्रथिन आहे. १९७९ मध्ये ते सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला चक्क गुन्हेगार ठरवलं. गाठींमध्ये ते भरपूर सापडायचं, म्हणून तेच गाठ वाढवत असणार असा निष्कर्ष निघाला. तब्बल दहा वर्षं हा गैरसमज टिकला. गाठींत सापडणारं पी-५३ हे बिघडलेलं असतं आणि धड असलेलं पी-५३ उलट गाठ रोखतं, हे १९८९ मध्ये स्पष्ट झालं. घटनास्थळी नेहमी दिसतो म्हणून पोलिसालाच चोर समजावं, तसा हा प्रकार. आज आपल्याला माहीत आहे, की माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत पी-५३चं जनुक बिघडलेलं असतं. डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं आणि ते बिरूद कायमचं चिकटलं.

हा राखणदार जागा झाला की पेशीचं विभाजन थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर पेशीला मरायला लावतो. इतका कडक माणूस सदोदित जागा राहिला तर पेशीला जगणंच अशक्य होईल. म्हणून पेशीनं त्याच्यावर एक नेमणूक करून ठेवली आहे. एमडीएम-२ नावाचं प्रथिन पी-५३ला धरतं, त्याच्यावर 'मोडीत काढा' अशी चिठ्ठी डकवतं, आणि पेशीतलं मोडतोड केंद्र त्याचे तुकडे करतं. निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होत असतं आणि अर्ध्याएक तासात नाहीसंही होत असतं. वाया जाणारी मेहनत वाटते, पण याचा फायदा असा की संकट आलं की नवं काही घडवायला नको. एमडीएम-२चा हात धरला की झालं, राखणदार आपोआप साठत जातो. डीएनए तुटला की असंच होतं, हे बरेच दिवस माहीत होतं.

पण डीएनए ठणठणीत आहे आणि बिघाड कारखान्यात आहे, तर? तेव्हा एमडीएम-२चा हात कोण धरतो?

इथे सायकलच्या दुकानातला ढीग आठवा. रायबोसोमच्या मोठ्या तुकड्यात एल-५ आणि एल-११ नावाची दोन प्रथिनं असतात. ती आरएनएच्या एका छोट्या साखळीशी हातमिळवणी करून, तिघं मिळून, जुळणीच्या जागी जातात. जुळणी सुरळीत चालू असेल तर तिथे त्यांची जागा ठरलेली, ती तिथे बसून जातात. जुळणी अडली तर त्यांना बसायला जागाच उरत नाही. हे उरलेलं त्रिकूट मग मोकळं फिरतं आणि जाऊन नेमकं एमडीएम-२ला मिठी मारतं. एमडीएम-२ अडकलं की पी-५३ सुटलं. कारखान्यात बिघाड झाल्याची वर्दी द्यायला वेगळा निरोप्या नाही, वेगळी घंटा नाही. ज्यांना काम उरलं नाही ते सुटे भागच वर्दी देतात. पेशीच्या अभ्यासात मी आयुष्यभर जे काही वाचलं त्यात इतकी काटकसरीची योजना दुसरी पाहिली नाही.

याचा पहिला धागा १९९४ मध्येच हाती आला होता. एमडीएम-२बरोबर एल-५ चिकटलेलं सापडलं होतं. पण रायबोसोमची प्रथिनं पेशीत इतकी उदंड, की प्रयोगात ती कशालाही चिकटून येतात, एक प्रकारची धूळच ती. अशी धूळ समजून पुष्कळांनी तिकडे दुर्लक्ष केलं असावं. २००३ आणि २००४ मध्ये मात्र एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवून दिलं, की ही मिठी खरी आहे आणि तिच्यामुळे पी-५३ जागं होतं.

परीक्षानळीत खरं ते शरीरात खरं असतंच असं नाही. म्हणून २०१० मध्ये झालेला उंदरांवरचा प्रयोग मला निर्णायक वाटतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या एमडीएम-२मधलं एकच अमिनो आम्ल बदललं. बदल असा निवडला, की एल-५ आणि एल-११ यांना त्याला धरताच येऊ नये. बाकी सगळं जसंच्या तसं. हे उंदीर दिसायला चांगले, त्यांचा डीएनए दुखावला तर त्यांचं पी-५३ पूर्वीसारखंच जागं होई. पण त्यांच्यात बेफाम मिक घातल्यावर लसीका ग्रंथींचा कर्करोग झपाट्यानं आला आणि ते लवकर मेले. याचा अर्थ, मिक कारखान्याला नको तितकं पळवायला लागतं, सुट्या भागांचा मेळ बिघडतो, आणि तेव्हा ही वर्दीच साध्या उंदरांना काही काळ वाचवत होती. बदलासाठी निवडलेलं अमिनो आम्लही आकाशातून पडलेलं नव्हतं. तोच दोष त्याआधी माणसांच्या काही गाठींमध्ये सापडला होता.

आता आपण त्या मुलाकडे परत जाऊ. त्याच्या प्रत्येक पेशीत रायबोसोमच्या एका प्रथिनाचा तुटवडा आहे. मग सगळं शरीर सोडून तांबड्या पेशींवरच संक्रांत का? तांबडी पेशी घडवणाऱ्या पूर्वज पेशींना फार थोड्या दिवसांत भराभर विभाजन करायचं असतं आणि हिमोग्लोबिनचे ढीग उपसायचे असतात. कारखान्यावरचा ताण सर्वांत जास्त तिथे, म्हणून जुळणी सर्वांत आधी अडते तिथे, आणि वर्दीही तिथूनच जाते. पी-५३ आपलं काम चोख करतो, पेशी थांबवतो, मारतो. रक्त तयार होत नाही. हे एकच कारण आहे असं नाही. तांबड्या पेशींच्या जडणघडणीची सूत्रं ज्या गाटा-१ प्रथिनाकडे असतात, तेही या तुटवड्यात पुरेसं तयार होत नाही, असं २०१४ मध्ये दिसलं. पण पी-५३चा वाटा मोठा.

असाच प्रकार मोठ्या माणसांतही होतो. अस्थिमज्जेतल्या पेशींमध्ये पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून पडतो आणि अ‍ॅनिमिया होतो. हा विकार १९७४ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी वर्णन केला. त्या गळालेल्या तुकड्यात रायबोसोमच्या एका प्रथिनाचं जनुक असतं आणि अ‍ॅनिमियाला तेच जबाबदार, हे २००८ मध्ये समजलं. दोनच वर्षांनी उंदरांत तसाच दोष घडवून पाहिला, तर अपेक्षेप्रमाणे अ‍ॅनिमिया झाला. मग त्या उंदरांतून पी-५३चं जनुकच काढून टाकलं. रक्त सुधारलं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून जवळजवळ उठलो होतो. मनात आलं, सापडलं औषध! पी-५३ला थोडं झोपवा, मुलांना रक्त चढवायला नको. आणि लगेच लक्षात आलं, की हे आपण करू धजणार नाही. ज्या पहारेकऱ्याच्या जाचानं मूल फिकं पडलंय, त्याच पहारेकऱ्यानं त्याला कर्करोगापासून आजवर राखलंय.

आपण धजणार नाही, पण पेशी धजते. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. अस्थिमज्जेत लाखो पेशी वर्षानुवर्षं पहारेकऱ्याचा मार खात, रखडत जगत असतात. विभाजनात चुका तर होतच असतात. एखाद्या पेशीत अशी चूक झाली की पी-५३च निकामी झालं, तर निरोगी माणसाच्या मज्जेत त्या पेशीला फारसा फायदा नाही, कारण तिथे पी-५३ कुणाला मारतच नसतं. पण या मुलाच्या मज्जेत ती एकटीच मोकळी. बाकीच्या खुरटलेल्या असताना ती वाढते, पसरते. तिचा कारखाना अजून रोगटच असतो, फक्त वर्दी ऐकणारा कुणी उरलेला नसतो. वाढ कमी पडणाऱ्या आजारातून वाढ बेसुमार होणारा आजार असा जन्मतो. अशा आजारांमधलं हे विचित्र नातं अमेरिकन रक्ततज्ज्ञ विल्यम डेमशेक यांना १९६० च्या दशकातच खटकलं होतं.

हे नुसतं तर्कट नाही. श्वाखमन-डायमंड सिंड्रोम नावाचा दुसरा एक जन्मजात आजार आहे, त्यात रायबोसोमच्या मोठ्या तुकड्यावरची एक खीळ निघत नाही आणि जुळणी शेवटच्या पायरीवर अडते. या रुग्णांच्या रक्तपेशींचा बारकाईनं माग काढणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेशींनी सुटकेचे दोन रस्ते शोधलेले दिसले. काही पेशींत त्या खिळीच्याच जनुकात बदल झाला होता. खीळ सैल झाली, जुळणी सुधारली, पेशी तगली, आणि त्यातून रक्ताचा कर्करोग झाला नाही. दुसऱ्या काही पेशींत पी-५३चं जनुक बिघडलं होतं, आणि जिथे त्याच्या दोन्ही प्रती गेल्या तिथे पुढे कर्करोग झाला. एकाच मज्जेत, एकाच संकटातून, दोन वाटा. एकीनं कारखाना दुरुस्त केला, दुसरीनं पहारेकऱ्याला वाटेतून हटवलं. पाचव्या गुणसूत्राच्या रोग्यांतही पी-५३ बिघडलेल्या पेशी आढळल्या तर कर्करोगाकडे वाटचाल होण्याचा धोका जास्त असतो आणि नेहमीच्या औषधाला प्रतिसाद कमी मिळतो.

माशांची एक हकिगत राहिली. अमेरिकेत एमआयटीमध्ये नॅन्सी हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत झेब्राफिश या लहानशा माशाचे शेकडो वाण सांभाळलेले होते, प्रत्येक वाणात कुठलं तरी एक जनुक बिघडवलेलं. काही वाणांत गाठी जास्त होतात असं लक्षात आलं. २००४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की अशा १२ वाणांपैकी ११ वाणांत बिघडलेलं जनुक रायबोसोमच्या प्रथिनाचं होतं. पुढे आणखी गंमत कळली. त्या माशांच्या गाठींमध्ये पी-५३चं जनुक शाबूत होतं, त्याचा निरोपही निघत होता, पण प्रथिन तयार होत नव्हतं. पी-५३ हेही अखेर प्रथिनच. त्यालाही याच कारखान्यात घडावं लागतं. पहारेकऱ्याचा पगार कारखान्यातूनच निघत असला, तर कारखाना बुडताना तो किती दिवस उभा राहणार?

आता उपचारांचं थोडं. ही वर्दी आपण मुद्दाम वाजवू शकतो का? नकळत ती आपण कितीतरी वर्षं वाजवत आलो आहोत. लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमरवर दिलं जाणारं अ‍ॅक्टिनोमायसिन हे औषध कमी मात्रेत रायबोसोमच्या आरएनएचीच निर्मिती बंद पाडतं. आतड्याच्या कर्करोगावरचं फ्लुरोयुरासिल त्या आरएनएची घडण बिघडवतं. आणि ऑक्झॅलिप्लॅटिन, जे आपल्याकडेही अनेक रुग्णांना मिळतं, ते त्याच्या भावंडांप्रमाणे डीएनए तोडून मारतं असं सर्व जण धरून चालले होते. २०१७ मध्ये दिसलं, की त्याचा खरा घाव रायबोसोमच्या जुळणीवर बसतो. मुद्दाम याच कामासाठी बनवलेली नवी औषधंही माणसांवर आजमावली गेली. त्यांतलं एक डीएनएलाही इजा करतं हे पुढे कळलं, तेव्हा उत्साह थोडा आवरावा लागला. शिवाय मुळातली अडचण आहेच : निम्म्या कर्करोगांत पी-५३ आधीच निकामी. तिथे वर्दी पोचूनही उठणारं कुणी नाही.

त्या बाई पुढे दुसऱ्या गावी राहायला गेल्या आणि आमचा संबंध तुटला. मुलगा आता पंचविशीत असेल. पण अशी मुलं आजही येतात आणि त्यांच्या आया तोच प्रश्न विचारतात, म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो.

एक, अस्थिमज्जा बदलली की तांबड्या पेशींचा प्रश्न पुष्कळदा सुटतो, पण हाडातल्या आणि आतड्यातल्या पेशी जुन्याच राहतात, त्यांचा कारखाना तसाच असतो. म्हणून रक्त सुधारल्यावर तपासण्या सोडून द्यायच्या नाहीत. विशीतल्या मुलाच्या शौचातून रक्त गेलं, तर मूळव्याध म्हणून घरगुती औषध घेत बसायचं नाही. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायची.

दुसरी, मज्जा द्यायला बहुतेक वेळा सख्खं भावंडच पुढे केलं जातं, आणि ते दिसायला धडधाकट असतं. हा दोष काही माणसांत कुठलंही लक्षण न दाखवता राहतो. थोरल्याचं रक्त तयार होत नाही आणि धाकटीचं होतं, एवढ्यावरून तिचं जनुक निर्दोष आहे असं ठरत नाही. तिची मज्जा घेण्याआधी तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करा, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. रुग्णाचं नेमकं कुठलं जनुक बिघडलंय हे आधी माहीत असेल तर ही तपासणी सोपी जाते. तेव्हा तो रिपोर्ट वहीत जपून ठेवा.